दिंडीच्या व्यवस्थेत मोबाइलवरची वॉकीटॉकी : आमचा अनुभव, आणि थोडी मदत हवी आहे

वीणेमागून

माउली, नमस्कार.

आमची दिंडी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालते. माणसं साधारण एकशे सत्तर. एक ट्रक, एक पाण्याचा टँकर आणि थकलेल्या-आजारी माणसांसाठी एक छोटा टेम्पो. सहा वर्षांपासून व्यवस्था माझ्याकडे आहे. टँकर कुठे भरायचा, पंगत कुठे बसवायची, तंबू कुठे पडलेत, मागे कोण राहिलं, हे सगळं त्यात आलं.

पूर्वी हे काम साध्या फोनवर चालायचं. दिवसाला ऐंशी-नव्वद फोन व्हायचे. टाळमृदंगात फोन वाजलेला कळत नाही, कळला तर पिशवीतून काढेपर्यंत बंद होतो. एकाला सांगितलेलं पुन्हा चौघांना सांगावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवला तर समोरच्याने थांबून, फोन उघडून तो ऐकायचा. ट्रक चालवणाऱ्याने तर ते करूच नये.

दोन वर्षांपूर्वी आम्ही झेलो हे अ‍ॅप घेतलं आणि नऊ जणांची एक वाहिनी केली. बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. बाकी आठ जणांच्या फोनमधून आवाज आपोआप बाहेर येतो, कुणाला काही उचलावं लागत नाही. स्वयंपाकाच्या प्रमुख मावशींना लिहिता-वाचता येत नाही. त्यांच्या फोनवर आधीचे निरोप कायम न ऐकलेले राहायचे, कारण ते शोधायचे कुठे हेच त्यांना उमगत नसे. या बटणावर त्या पहिल्याच दिवशी बोलू लागल्या. "तेल संपत आलंय, दोन डबे घेऊन या," एवढं म्हणाल्या आणि अंगठा काढला. ट्रक सासवडात होता, मी हडपसरला. टेम्पोवाल्याने ते ऐकलं आणि येताना तेल घेऊन गेला. मला मधे पडावंच लागलं नाही. त्या दिवशी मला या गोष्टीची खरी किंमत कळली.

आता अडचणी. दोन आहेत आणि दोन्ही जिवाला लागल्या.

पहिली दिवे घाटातली. फोनवर चारही काड्या भरलेल्या, पण निरोप जाईना. बटण दाबलं की चक्र फिरत राहायचं. आमच्यातल्या एक आजी घाटाच्या मध्यावर पायाला फोड येऊन बसल्या होत्या. त्यांच्याजवळचा मुलगा वीस मिनिटं बटण दाबत होता. पाऊस होता, फोन प्लास्टिकच्या पिशवीत, ओल्या पिशवीवरून अंगठा घसरायचा. शेवटी तो धावत पुढे आला.

दुसरी नीरेच्या अलीकडची. टँकरवाल्याच्या फोनवर अ‍ॅप चालू होतं, पण त्याला काही ऐकूच आलं नाही. आम्ही सहा वेळा सांगितलं की पाणी संपलंय, रस्त्यातच थांब. तो थेट लोणंदला गेला. दुपारी दोनचं ऊन आणि एकशे सत्तर माणसं पाण्यावाचून. दुसऱ्या दिंडीने त्यांच्या टँकरमधून दिलं म्हणून निभावलं. संध्याकाळी त्याने फोन उघडला आणि सहाही निरोप एकामागोमाग वाजले. तो माणूस रडकुंडीला आला होता. चूक त्याची नव्हती.

पुढच्या आषाढाआधी हे नीट बसवायचं आहे. कुणी अशा कामासाठी हे वापरलं आहे का? खऱ्या वॉकीटॉकी घ्याव्यात का? त्याला परवाना लागतो का?

सह्यभटका

वाचतोय. आम्ही ट्रेकला हे अ‍ॅप करून पाहिलं होतं. दरीत उतरलो की नेटवर्क जातं, त्यामुळे तिथे शिट्टीच कामी येते. तुमच्या मार्गावर नेटवर्क असतं, त्यामुळे तुमचा प्रश्न वेगळा आहे.

टॉवरखाली

मी बावीस वर्षं मोबाइल नेटवर्कच्या देखभालीत आहे. दोन्ही अडचणींची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून वेगवेगळी सांगतो.

काड्या म्हणजे टॉवरचा आवाज तुमच्या फोनपर्यंत किती जोरात पोचतोय, एवढंच. तुमचा आवाज टॉवरपर्यंत पोचायला रांगेत जागा आहे का, हे काड्या सांगत नाहीत. घाटात लाखो माणसं एकाच वेळी चालतात आणि त्यांचे फोन दोन-चार टॉवरवर येऊन पडतात. त्यातले कितीतरी जण घाटाचा व्हिडिओ घरी पाठवत असतात. खालून वर जाणारा रस्ता तुंबतो. तुमच्या फोनला बोलायची परवानगी मागायलाच जागा मिळत नाही. चक्र फिरत होतं ते त्यामुळे.

तरीही साध्या कॉलपेक्षा हा प्रकार गर्दीत अनेकदा बरा चालतो, आणि का ते समजून घेतलंत तर त्याचा उपयोग करता येईल. कॉलला दोन्ही बाजूंनी सतत रस्ता मोकळा लागतो. इथे एका वेळी एकच बोलतो आणि बोलणं लहान लहान पुड्यांत जातं. आवाज आवळून सेकंदाला सोळा किलोबिट धरला, तर दहा सेकंदांचं बोलणं वीस किलोबाइटमध्ये बसतं. साधा फोटोसुद्धा त्याच्या कितीतरी पट असतो. नेटवर्कला क्षणभर श्वास मिळाला की एवढी पुडी निसटून जाते. म्हणून छोटं बोला. तीस सेकंदांची हकीकत अडकते, पाच सेकंदांचा निरोप जातो.

पोलीस, अग्निशमन यांच्यासाठी याच तंत्राचं पक्कं रूप आहे. मोबाइलची जागतिक मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने २०१६ साली तेराव्या आवृत्तीत ते आणलं. बटण दाबल्यापासून तीनशे मिलिसेकंदांच्या आत बोलायला मिळालं पाहिजे अशी त्यात अट आहे, आणि टॉवरवर या बोलण्याला बाकीच्यांच्या आधी वाट मिळते. आपण दुकानातून उतरवलेलं अ‍ॅप मात्र सगळ्यांच्या व्हिडिओंबरोबर त्याच रांगेत उभं असतं. हा फरक लक्षात ठेवून त्याच्यावर किती विसंबायचं ते ठरवा.

आता टँकर. हे फोनने केलं. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून, म्हणजे सहाव्या आवृत्तीपासून, स्क्रीन बंद आणि फोन पडून असला की मागे चालणाऱ्या अ‍ॅपचं इंटरनेट आखडतं घेतात. बॅटरी वाचावी हा हेतू. काही बनावटीचे फोन याच्याही पुढे जाऊन अ‍ॅप पूर्ण बंद करून टाकतात. तेव्हा नवाच्या नऊ फोनवर हे करा : सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपची बॅटरी 'निर्बंध नाही' वर ठेवा, आपोआप सुरू होण्याची परवानगी द्या, अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीत त्याला कुलूप लावा आणि बॅटरी सेव्हर बंद ठेवा. आयफोनवर २०२२ च्या आयओएस १६ पासून अशा अ‍ॅपसाठी वेगळी सोय आहे, तिथे हा त्रास कमी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. निघायच्या आधी फोन टेबलावर ठेवून पाऊण तास हात लावू नका. मग दुसऱ्याने बोलावं. वाजला तर तो फोन दिंडीत न्यायचा.

वीणेमागून

टॉवरखाली, पाऊण तासाची ही परीक्षा कुणीच सांगितली नव्हती. आम्ही पाच मिनिटांत तपासून खूश झालो होतो. मनापासून आभार.

परतलेला

१९९९ ते २०१० मी न्यू जर्सीत इमारतींच्या बांधकामावर होतो. हा धागा वाचून कमरेला लावलेला तो जाड फोन आठवला.

तिथे नेक्स्टेल नावाची कंपनी होती. १९८७ साली फ्लीट कॉल या नावाने सुरू झाली. टॅक्सी आणि ट्रकवाल्यांच्या रेडिओसाठी राखलेल्या वारंवारिता तिने गावोगावच्या छोट्या मालकांकडून विकत घेतल्या आणि त्यांच्यावर मोटोरोलाच्या आयडेन तंत्राचं नेटवर्क उभं केलं. एकाच फोनवर साधा कॉलही लागायचा आणि बाजूचं बटण दाबून वॉकीटॉकीही चालायची. बटण दाबलं की 'चिरर्प' असा बारीक आवाज यायचा, म्हणजे आता बोल. साइटवर दिवसभर तो आवाज इकडून तिकडून येत राही. क्रेनवाला, प्लंबर, सिमेंटची गाडी सगळे त्यावर. अनोळखी गावात पोटापाण्यासाठी गेलेल्या मला इंग्रजीत लांबलचक फोन करायची धास्ती वाटे. "तिसरा मजला, पाइप आला," एवढंच बोलायचं असल्यामुळे मी धीट झालो.

२००५ मध्ये स्प्रिंट या दुसऱ्या मोबाइल कंपनीने नेक्स्टेलला आपल्यात घेतलं आणि ३० जून २०१३ ला आयडेनचं नेटवर्क बंद झालं. तोवर मी परतलो होतो, पण जुन्या सहकाऱ्यांना फार जड गेलं असं ते कळवत होते. अ‍ॅपवर बटण आहे, पण काचेवरचं. हातमोजा घातलेल्या माणसाला ते सापडत नाही. तुमच्या त्या मुलाचा ओल्या पिशवीवरून अंगठा घसरला, ती हीच अडचण. ब्लूटूथचं वेगळं बटण मिळतं, ते उपरण्याला किंवा पिशवीच्या पट्ट्याला लावता येतं. फोन आत कोरडा राहू द्या.

आणखी एक. त्या फोनांपैकी काहींमध्ये टॉवर नसतानाही जवळच्या जवळ थेट फोन ते फोन बोलायची सोय होती. आजच्या अ‍ॅपमध्ये ती नाही. नाव वॉकीटॉकी असलं तरी तुमच्या शेजारी दहा पावलांवर उभ्या माणसाशी बोललेलंसुद्धा टॉवरवरून कुठल्यातरी सर्व्हरला जाऊन परत येतं. हे आपल्या लोकांना पटवून सांगावं लागतं.

कृष्णाकाठ

परतलेला यांनी शेवटी सांगितलं तेच माझं कळकळीचं म्हणणं आहे.

मी सांगलीचा. हौशी रेडिओचा परवाना आहे. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या भागात पाणी चढलं तेव्हा आधी वीज गेली. मग काही तासांनी टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या. जनरेटरला डिझेल पोचवायला रस्ता नव्हता. आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या हातात फोन होता आणि एकही उपयोगाचा नव्हता. माझी आई पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर होती. सव्वाशे पावलांचं अंतर, पण मला दीड दिवस तिचा आवाज ऐकायला मिळाला नाही.

अमेरिकेत २०१७ साली हेच दोन्ही बाजूंनी दिसलं. ऑगस्टात हार्वे वादळाने ह्यूस्टन बुडालं तेव्हा लुइझियानातून आपापल्या होड्या घेऊन आलेल्या लोकांनी झेलोवरून शेकडो माणसांच्या हाका ऐकल्या आणि त्यांना काढलं. त्या शहरात बहुतेक टॉवर चालू राहिले होते म्हणून ते जमलं. सप्टेंबरात मारिया वादळ पोर्तो रिकोवर गेलं आणि तिथले सुमारे पंच्याण्णव टक्के टॉवर बंद पडले. अ‍ॅप तेच होतं, पण चालणार कशावर?

आता परवान्याचं. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या वॉकीटॉकींना २०१८ च्या नियमांपासून वापराचा परवाना लागत नाही. मात्र संच त्या पट्ट्यापुरताच असला पाहिजे आणि त्याला सरकारची उपकरण-मान्यता, म्हणजे ईटीए, असली पाहिजे. ऑनलाइन दिसणारे स्वस्त संच बहुतेक वेळा कुठल्याही वारंवारितेवर लावता येतात. ते घेऊ नका. नकळत पोलिसांच्या किंवा विमानांच्या बोलण्यात आपला आवाज घुसू शकतो आणि तो गुन्हा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये वॉकीटॉकींच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या याच कारणाने.

माझ्यासारखा हौशी परवानाही काढता येतो, त्याची परीक्षा असते. पण त्यावर फक्त परवानाधारकानेच बोलायचं, म्हणून ट्रक-टँकरला तो उपयोगी नाही. तुम्ही परवानामुक्त चार संच घ्या.

वीणेमागून

त्याचा पल्ला किती धरायचा?

कृष्णाकाठ

डब्यावर पाच-सात किलोमीटर लिहिलेलं असतं, ते विसरा. मोकळ्या माळावर, समोरासमोर दिसत असेल तर दोन. गर्दीत आणि वळणांत एक किंवा त्याहून कमी. दिंडीच्या वीणेपासून शेपटापर्यंत पुरे. घाटात मधल्या वळणावर एक माणूस उभा करा, तो खालचा निरोप वर सांगेल.

ओवी

मी परिचारिका आहे, दोन वाऱ्या फिरत्या दवाखान्याबरोबर केल्यात. एक विनंती करते, कृपया गांभीर्याने घ्या.

या वाहिनीवरचं बोलणं मोठ्याने बाहेर येतं आणि आजूबाजूचे सगळे ऐकतात. आमच्या इथे एका स्वयंसेवकाने एका बाईंचं नाव, गाव आणि त्यांना काय झालंय ते सगळं वाहिनीवर सांगितलं. टेम्पोजवळ त्यांच्याच गावच्या बायका उभ्या होत्या. त्या बाई पुढचे तीन दिवस मान वर करून चालल्या नाहीत. वारीत आल्या होत्या त्या, केवढी आस घेऊन. म्हणून आम्ही ठरवलं, वाहिनीवर फक्त ओळखपत्राचा क्रमांक, ठिकाण आणि "गाडी हवी" किंवा "डॉक्टर हवे" एवढंच. बाकीचं समोर गेल्यावर.

दुसरं, अडकलेलं बटण. कुणाच्या तरी पिशवीत फोन दाबला गेला तर वाहिनी त्याच्या ताब्यात जाते आणि बाकी कुणाला बोलताच येत नाही. एकदा अकरा मिनिटं आम्ही फक्त टाळ ऐकत होतो आणि एका आजोबांच्या छातीत दुखत होतं. देवाच्या दयेने ते बरे झाले. छातीत दुखणं, बेशुद्ध पडणं, चक्कर यासाठी वाहिनीची वाट पाहू नका. सरळ १०८ लावा आणि जवळच्या पोलिसाला सांगा.

टॉवरखाली

ओवीताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. चांगल्या रेडिओ संचात यावर उपाय असतो. ठरावीक सेकंदांनंतर बोलणं आपोआप तोडायचं, साधारण साठ सेकंदांवर ठेवतात. दिंडीने संच घेतले तर दुकानदाराकडून ते तीसवर लावून घ्या.

सह्यभटका

एक वेडगळ शंका. एका वेळी एकच बोलणार हे कोण ठरवतं? दोघांनी एकदम दाबलं तर?

टॉवरखाली

शंका अगदी योग्य आहे. अ‍ॅपमध्ये सर्व्हर ठरवतो. ज्याची मागणी आधी पोचली त्याला 'बोला' अशी खूण जाते, दुसऱ्याला थांबवलं जातं. साध्या रेडिओत ठरवणारं कुणीच नसतं. दोघांनी एकदम दाबलं तर दोघांचाही आवाज एकमेकांत मिसळून फक्त खरखर ऐकू येते. म्हणून तिथे आधी दोन क्षण ऐकायचं, मग दाबायचं.

वीणेमागून

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर तळावरची समाजआरती आली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. संध्याकाळी पालखी तळावर येते, सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळमृदंगाने कान भरलेले असतात. चोपदार दंड वर करतात आणि एका क्षणात सगळं शांत होतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तीच तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, ऐकून घेतात. मग हरवलं-सापडलं पुकारतात आणि आरती होते. एवढ्या माणसांत एका वेळी एकाचंच ऐकायचं हे आपल्याकडे विजेचे दिवे नसल्यापासून चालत आलं आहे. आमच्या नऊ जणांना ही वाहिनी मी आता अशीच समजावून सांगणार आहे. दंड वर आहे तोवर बोलायचं नाही. त्यांना लगेच उमजेल.

सगळ्यांचं वाचून काल आम्ही बसलो आणि असं ठरलं. दूरच्यासाठी, म्हणजे ट्रक, टँकर, पुढचा मुक्काम, अ‍ॅपच राहील. नऊही फोन पाऊण तासाच्या परीक्षेतून जातील, मागच्या वेळचा टँकरचा फोन आधी. चालत्या दिंडीत परवानामुक्त पट्ट्यातले चार संच : वीणेपाशी एक, मधे एक, शेवटी एक, टेम्पोत एक. ईटीए पाहूनच घेणार. दिवे घाटात अ‍ॅपवर अजिबात विसंबायचं नाही, मधल्या वळणावर एक तरुण उभा राहील. टँकरने ठरलेल्या ठिकाणी निरोप आला नाही तरी थांबायचंच, आणि आमच्याकडून माणूस येऊन "जा" म्हणेपर्यंत हलायचं नाही. हे शेवटचं टँकरवाल्या दादांनी स्वतः सुचवलं.

नावं-आजार वाहिनीवर नाहीत, हे मावशींसकट सगळ्यांनी मान्य केलं.

परतलेला

ब्लूटूथचं बटण घ्याल तेव्हा त्याची बॅटरी आधी पाहा. गोल नाण्यासारखा सेल असला तर चार जास्तीचे बरोबर ठेवा, तो वाटेतल्या छोट्या गावांत मिळेलच असं नाही. आणि बटण छातीच्या उजव्या बाजूला लावा. टाळ वाजवताना डाव्या बाजूचं दाबलं जातं, असं तुमच्याच वर्णनावरून वाटतंय.

वीणेमागून

टाळ छातीसमोर असतो माउली, दोन्ही बाजूंना दाबलं जाईल. खांद्यावर, पताकेच्या पट्ट्याला लावून पाहतो. रविवारी सहा जण आळंदी ते पुणे चालणार आहोत, सगळे संच आणि फोन घेऊन. पाऊस असेल तर बरंच. आलो की इथे लिहितो.

ओवी

पुण्याच्या बाजूने मी येते. थकलेल्या माणसाचा निरोप कसा द्यायचा याचा सराव तुमच्या मुलाकडून करून घेऊ, ज्याने घाटात वीस मिनिटं बटण दाबलं त्याच्याकडून.

वीणेमागून

नक्की या. त्याला सांगतो. आजी पण येणार म्हणतायत.